फेब्रुवारीत सगळ्यांनी हरलेली ठरवलेली टीम ऑक्टोबरमध्ये चॅम्पियन कशी झाली?

जानेवारी २००४. बेसबॉलचा हंगाम सुरू व्हायला अजून दोन-अडीच महिने होते. न्यूयॉर्क यँकीजचा खेळाडू आरन बून सुट्टीच्या दिवसांत बास्केटबॉल खेळायला गेला आणि गुडघा मोडून घेऊन आला.

बातमी तशी छोटीच होती. पण तिच्यामुळे महिन्याभरात बेसबॉलमधला सगळ्यात गाजलेला सौदा झाला आणि बोस्टनच्या चाहत्यांनी हंगाम सुरू होण्याआधीच डोक्याला हात लावला.

आधी हे वैर समजून घेऊ

बोस्टन रेड सॉक्स आणि न्यूयॉर्क यँकीज हे बेसबॉलमधले कट्टर वैरी. रेड सॉक्सनं १९१८ मध्ये वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलची सर्वोच्च स्पर्धा जिंकली होती. पुढच्याच वर्षाच्या शेवटी त्यांनी बेब रूथ हा आपला खेळाडू यँकीजला विकला. हा रूथ पुढे बेसबॉलचा सगळ्यात मोठा स्टार झाला.

त्यानंतर २००३ पर्यंत यँकीजनं २६ वेळा वर्ल्ड सिरीज जिंकली. रेड सॉक्सनं एकदाही नाही. रूथला विकल्याचा शाप लागलाय, असं बोस्टनचे लोक म्हणायचे. आजोबा गेले, वडील म्हातारे झाले, पण विजय काही दिसला नाही, अशी घरं तिथं कमी नव्हती.

ऑक्टोबर २००३ मध्ये तर हातातोंडाशी आलेला घास गेला. वर्ल्ड सिरीजमध्ये जाण्यासाठीच्या सातव्या आणि निर्णायक सामन्यात रेड सॉक्स ५-२ नं पुढे होते. यँकीजनं बरोबरी साधली आणि अकराव्या इनिंगमध्ये एका खेळाडूनं होम रन मारून सामना संपवला. तो खेळाडू म्हणजे हाच आरन बून.

मग तो सौदा काय होता?

त्या हिवाळ्यात रेड सॉक्सला ॲलेक्स रॉड्रिगेझ हवा होता. २००३ मध्ये अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला हा गडी टेक्सास रेंजर्सकडे होता आणि त्याचा करार होता १० वर्षांचा, २५ कोटी २० लाख डॉलर्सचा.

अमेरिकन बेसबॉलमध्ये आयपीएलसारखा लिलाव नसतो. टीम एकमेकींशी खेळाडूंची अदलाबदल करतात. त्यालाच ट्रेड म्हणतात. रेड सॉक्सचं रेंजर्सशी जवळपास ठरलं होतं. पण त्यासाठी रॉड्रिगेझच्या करारातली रक्कम कमी करावी लागणार होती. तो स्वतः तयार होता, पण खेळाडूंची संघटना अडून बसली. उद्या प्रत्येक मालक असाच पगार कापायला लावेल, ही भीती. डिसेंबर २००३ मध्ये सौदा फिसकटला.

आणि जानेवारीत बूनचा गुडघा गेला. त्याच्या करारात बास्केटबॉल खेळायला मनाई होती. दुसरं काही कारण सांगून पैसे वाचवता आले असते, पण त्यानं खरं ते सांगितलं आणि करार गमावला.

यँकीजची तिसऱ्या बेसची जागा रिकामी झाली. फेब्रुवारीत त्यांनी रेंजर्सला अल्फोन्सो सोरियानो दिला आणि रॉड्रिगेझला घेऊन टाकलं. म्हणजे रेड सॉक्सला जो मिळाला नाही, तोच वैऱ्याच्या घरी गेला. बोस्टनच्या चाहत्यांना रूथचीच आठवण झाली.

पण हंगामाआधी नेमकं काय चालू असतं?

फेब्रुवारीच्या मध्यावर बेसबॉलमध्ये 'स्प्रिंग ट्रेनिंग' सुरू होतं. तीस टीमपैकी निम्म्या फ्लोरिडात जातात, निम्म्या ॲरिझोनात. यँकीजचा तळ टॅम्पाला, रेड सॉक्सचा फोर्ट मायर्सला. तिथं महिनाभर सराव सामने होतात.

या सामन्यांचे गुण कुठंच धरले जात नाहीत. मोठे खेळाडू दोन-तीनदा बॅटिंग करून बाहेर बसतात. पिचर मार खाल्ला तरी नवा चेंडू घोटून घेत असतो. पण चाहते चार महिने बेसबॉलविना राहिलेले असतात. त्यामुळे एका सराव सामन्यावरून अख्ख्या वर्षाचं भविष्य सांगितलं जातं आणि वैऱ्याकडं कोण आलं, यावर स्वतःच्या टीमचं मोजमाप होतं.

गाजावाजा न झालेल्या बातम्या

२००४ मध्ये रॉड्रिगेझच्या गोंगाटात काही गोष्टी मागे पडल्या. रेड सॉक्सनं नोव्हेंबरमध्येच कर्ट शिलिंग हा जबरदस्त पिचर आणला होता. सामन्याचा शेवट सांभाळायला कीथ फोक आला होता. आणि डेव्हिड ऑर्टिझ तर त्याच्या आधीच्याच वर्षी आलेला. त्याला मिनेसोटानं सोडून दिलं होतं आणि रेड सॉक्सनं स्वस्तात उचललं होतं.

ऑक्टोबरमध्ये पुन्हा तेच दोन वैरी समोरासमोर आले. यँकीजनं पहिले तीन सामने जिंकले, तिसरा तर १९-८ असा. चौथ्यात नवव्या इनिंगला यँकीज ४-३ नं पुढे होते. तेव्हा डेव्ह रॉबर्ट्सनं दुसरा बेस चोरला, बरोबरी झाली आणि बाराव्या इनिंगमध्ये ऑर्टिझनं होम रन मारला. हा रॉबर्ट्स जुलैच्या शेवटी टीममध्ये आला होता. स्प्रिंग ट्रेनिंगच्या वेळी तो रेड सॉक्सचा खेळाडूही नव्हता.

रेड सॉक्सनं उरलेले तीन सामनेही जिंकले. ०-३ वरून मालिका फिरवणारी मेजर लीगमधली ती पहिली टीम. सहावा सामना शिलिंगनं दुखऱ्या घोट्यावर टाके घालून खेळला. पुढं वर्ल्ड सिरीजमध्ये सेंट लुईस कार्डिनल्सला ४-० नं हरवलं. शेवटचा चेंडू टाकणारा पिचर होता फोक. ८६ वर्षं संपली.

मग चाहत्यांचं चुकलं कुठं?

खरं तर फार चुकलं नाही. रॉड्रिगेझ मोठा खेळाडू होताच, आणि २००९ मध्ये त्यानं यँकीजसोबत वर्ल्ड सिरीज जिंकलीही. चूक झाली ती एका नावावरून आठ महिन्यांचा निकाल लावण्यात. १६२ सामन्यांच्या हंगामात दुखापती होतात, मधल्या काळात ट्रेड होतात, मागे बसलेला एखादा पुढे येतो.

म्हणून हंगामाआधीच्या बातम्या वाचताना सराव सामन्यांचे निकाल सोडून द्यावेत. पिचरच्या खांद्या-कोपराच्या दुखापती मात्र नीट वाचाव्यात. आणि वैऱ्यानं कोणाला आणलं हे बघून झालं, की आपल्या टीमनं गुपचूप कोणाला घेतलं तेही बघावं.

राहता राहिला आरन बून. यँकीजनं ज्याला गुडघा मोडल्यावर सोडून दिलं, तोच २०१८ च्या हंगामापासून यँकीजचा मॅनेजर झाला.