काळीतील घर : बेलापूर परिसरातील मळ्यावरच्या वस्तीचा विचार

महाराष्ट्राच्या ग्रामीण बोलीत गावठाणाला पांढरी व शेतजमिनीला काळी म्हणतात. ही विभागणी केवळ रंगाची नाही. पांढरी माती भिंतीला व धाब्याला चालते. काळी माती पीक भरपूर देते, परंतु पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून घर पांढरीत व पीक काळीत, हा संकेत दीर्घकाळ टिकला. अहिल्यानगर जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यातील प्रवराकाठच्या बेलापूर परिसरात तो गेल्या शतकात मोडला. (रेल्वेचे 'बेलापूर' स्थानक मात्र श्रीरामपूर शहरात आहे, परगावच्या अभ्यासकाची येथे हमखास गफलत होते.)

संकेत मोडण्याचे मुख्य कारण कालवा हे होय. भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले आणि प्रवरा कालव्यांच्या लाभक्षेत्रात ऊस स्थिरावला. जिरायती बाजरीला माणूस पेरणी, खुरपणी व राखणीपुरता लागे. ऊस बारमाही माणूस मागतो. शेजपाळीचे पाणी रात्री आले, तर बारे धरण्यास रात्रीच हजर राहावे लागते. त्यामुळे मळ्यात आधी खोपट, मग पत्र्याचे छप्पर आणि अखेर स्लॅबचे घर आले. पुढे वाटण्या होऊन गावातील वाडे अपुरे पडले, संकरित गाई आल्या आणि वस्ती हाच कायमचा पत्ता झाला.

दहा गुंठे म्हणजे १०,८९० चौरस फूट. शहरी उपनगरात एवढे आवार चैनीचे ठरेल. येथे मात्र घर, गोठा, कडब्याची गंज, विहीर, शेणखताचा खड्डा व लिंबाची सावली एवढ्यांतच ते संपते. जागा निवडताना जुनी माणसे शेतातला मुरमाड उंचवटा शोधीत, कारण पीक तेथे बेताचेच येते आणि पाया मात्र पक्का बसतो. अलीकडे रस्त्याची सोय पाहून सपाट काळीतच बांधकाम होते. पाया मुरमापर्यंत नेला नाही, किंवा काळी काढून मुरूम भरला नाही, तर काही पावसाळ्यांतच भिंतींना तिरप्या भेगा पडतात.

सांडपाण्याचा प्रश्न अधिक गंभीर आहे. काळी माती पाणी सावकाश जिरवते. शिवाय कालव्याच्या पाझरामुळे भूजल वर आलेले असते. अशा ठिकाणी शोषखड्डा लवकर तुंबतो. विहीर व खड्डा यांत किमान १५ मीटर अंतर असावे, असा संकेत आहे. आवार मोठे असूनही तो पाळला जात नाही, कारण मोटार, गोठा व न्हाणी जवळजवळ ठेवण्यातच घरातील बाईचे कष्ट वाचतात.

कायद्याची दृष्टी वेगळी आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ शेतकरी कुटुंबाच्या राहत्या घराचा समावेश 'शेतावरील इमारती'त करते, म्हणजे गोठ्याच्याच वर्गात. व्यवहारात मात्र कुटुंबाचा सारा संसार तेथेच असतो.

उसाबरोबर बिबट्याही आला. याच जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील शेतीप्रदेशात विद्या अत्रेय व सहकाऱ्यांना १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले. हा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. अभ्यासक्षेत्रात माणूस दगावल्याची नोंद नव्हती. तथापि उसातून शाळेला जाणाऱ्या मुलीच्या आईला या आकड्याने धीर येईल, असे नाही. निदान गोठा जाळीने बंदिस्त करणे, दारातला दिवा रात्रभर ठेवणे आणि घर व ऊस यांत काही वाफे घास किंवा भाजीपाल्यासारख्या बुटक्या पिकांचे ठेवणे, एवढे वस्तीवर आजही करता येते.