पाखरांची वही

पाखरे कोणाला ठाऊक नाहीत? औत चालले की मागे गायबगळे येतात. म्हशीच्या पाठीवर कोतवाल बसतो. रात्री टिटवी ओरडली की राखणीचा माणूस उठून बसतो. मृगाच्या आधी पावशा 'पेरते व्हा, पेरते व्हा' म्हणू लागतो. शहरातला माणूस पुस्तक उघडून जे शिकतो, ते खेड्यातल्या माणसाने गुरे राखतानाच पाहिलेले असते. पण ते कोणी लिहून ठेवीत नाही. आता तुम्हांला लिहिता येते. म्हणून ही गोष्ट आम्ही तुमच्यापुढे मांडीत आहोत.

गिधाडांचेच पाहा. पूर्वी ढोर मेले की गावाबाहेर टाकीत. गिधाडे उतरत आणि थोड्या वेळात नुसता सांगाडा राही. आज ती दिसतात का? तुमच्या गावात किती होती, कोणत्या साली दिसेनाशी झाली, असे विचारले तर म्हातारी माणसे म्हणतात, "होती बाबा पुष्कळ." पुष्कळ म्हणजे किती? राजस्थानात भरतपूरला पाखरांचे मोठे अभयारण्य आहे. तेथे मात्र गिधाडे मोजून लिहिलेली होती. १९९० नंतर पुन्हा मोजली आणि जुने आकडे ताडून पाहिले. तेव्हा कळले, गिधाडे झपाट्याने मरत आहेत! मग शोध सुरू झाला. २००४ साली कारण उजेडात आले. गुरांचे दुखणे, सूज यांवर डायक्लोफिनॅक नावाचे औषध देत. औषध दिलेले जनावर लगेच मेले आणि गिधाडांनी खाल्ले, की गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत. २००६ साली भारत सरकारने हे औषध गुरांसाठी बंद केले. जुने आकडे कागदावर नसते तर आपण नुसते दैवाला बोल लावीत बसलो असतो.

पाखरे पाहायला काय लागते? दुर्बीण असली तर बरे, नसली तर अडत नाही. वही, पेन्सिल आणि थोडी सबुरी पुरे. दिवस उगवल्यावरचा पहिला तास-दीड तास फार चांगला. विहीर, तळे, पिंपळ, बांधावरची बाभळ, अशी एक जागा धरा आणि गप्प उभे राहा. भडक कपडे नकोत, बडबड नको. नवे पाखरू दिसले की आधी माप घ्या. चिमणीएवढे आहे, साळुंकीएवढे, कावळ्याएवढे की घारीएवढे? मग चोच पाहा, शेपूट पाहा. कोतवाल लांबून नुसता काळा दिसतो. पण त्याची शेपटी माशाच्या शेपटीसारखी दुभंगलेली असते. ती एकदा ध्यानात आली की पुन्हा चुकायचे नाही.

नावाची घाई करू नका. एका पाखराला मुलूख बदलला की नाव बदलते. भारद्वाजाला कोठे कुंभारकावळा म्हणतात, कोठे कुकुडकोंबा. तुमच्या गावचे नाव लिहा, त्याखाली खूण लिहा. "२ जून, सकाळ. ओढ्याकाठच्या चिंचेवर पावशा ओरडला." बस्स, एवढी एक ओळ. अशी ओळ दहा वर्षे लिहा, म्हणजे पावशा पावसाच्या किती दिवस आधी बोलतो ते तुम्हीच आम्हांला सांगाल.

घरट्याला मात्र हात लावू नका. हल्ली मोबाइलवर फोटो काढायच्या पायी लोक घरट्यापुढच्या फांद्या मोडतात. मग कावळ्याला अंडी आयतीच सापडतात. आम्हांला हे बिलकूल पसंत नाही.

एकट्याने पाहिले की मनात शंका राहते. सोबती पाहिजे. तो आधी गावातच शोधा. धनगराला माळावरची पाखरे ठाऊक असतात, भोयाला पाण्यावरची. शाळेच्या मास्तरांना विचारा. मारुती चितमपल्ली यांचा 'पक्षिकोश' वाचनालयात मिळाला तर वाचा. चितमपल्ली वनखात्यात अधिकारी होते. त्यांची हयात रानात गेली. त्यांचा जन्म ५ नोव्हेंबर १९३२ चा. पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली यांचा जन्म मुंबईत १२ नोव्हेंबर १८९६ रोजी झाला. म्हणून महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळतात. त्या आठवड्यात ठिकठिकाणी पाखरे पाहायला माणसे एकत्र निघतात. आपल्या भागात कोठे जमणार, ते वनखात्याच्या कचेरीत विचारावे. 'महाराष्ट्र पक्षिमित्र' ही संस्था संमेलनेही भरवते. तेथे डॉक्टर, शेतकरी, शिक्षक सगळे एका पंगतीला बसतात.

इंदापूर तालुक्यात कुंभारगाव आहे. उजनी धरणाच्या फुगवट्यावर तेथे रोहित पक्षी येतात. मासेमारी करणारी माणसेच पाहुण्यांना होडीत घालून ते दाखवतात आणि चार पैसे मिळवतात.

दर जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना होते. तुमच्याजवळ तलाव असेल तर मोजणारी माणसे तेथे येण्याचा संभव आहे. त्यांच्याबरोबर जा. भाकरी बांधून घ्या, कारण मोजता मोजता दुपार होते. ती माणसे तुमची वही पाहायला मागतील. द्या, पण परत घ्यायला विसरू नका.