लिनक्ससाठी वाय-फाय डाँगल घेताय? कंपनी नको, चिप बघा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. दुकानातला जुना पीसी भंगारात काढण्यापेक्षा त्यावर लिनक्स टाकणं परवडतं. पण जुन्या डेस्कटॉपला बहुतेकदा वाय-फाय नसतं. मग आपण स्वस्तातला डाँगल आणतो आणि तो नेमका चालत नाही. गिऱ्हाईक काउंटरवर उभं, आणि आपण ड्रायव्हर शोधतोय!

खरा खेळ आतल्या चिपचा आहे. टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूएन७२२एन घ्या. व्हर्जन १ मध्ये अथेरॉस एआर९२७१ चिप, तिचा ड्रायव्हर लिनक्समध्ये आधीपासूनच आहे. व्हर्जन २ पासून रियलटेकची चिप आली आणि जुन्या लिनक्सवर ड्रायव्हर वेगळा टाकावा लागायचा. नाव तेच, माल वेगळा.

म्हणून खरेदीआधी एवढं करा:

१. मॉडेलसोबत व्हर्जनही लिहून घ्या.
२. चिप कोणती आणि तिचा ड्रायव्हर लिनक्स कर्नलमध्येच आहे का, ते शोधा.
३. "चालला नाही तर परत घेणार का?" हे विचारूनच पैसे द्या.
४. लिनक्स कायमचं टाकण्याआधी पेनड्राइव्हवरून चालू करून डाँगल तपासा.

आणि राउटर जवळच असेल तर? सरळ लॅन केबल टाका. डाँगलचा खर्चही वाचेल.