रूपकुंड आणि माझं एक चुकलेलं अनुमान

मंडळी, मागच्या वेळी अनुमानाचा विषय अर्धा राहिला. आज तो एका तळ्यापाशी नेऊ.

जून 2011. आम्ही अकरा जण, पाठीवर बारा-बारा किलोच्या सॅक, उत्तराखंडात रूपकुंडला निघालो. मी तेव्हा साठीला टेकलेलो. वाण गावावरून चढून बेदिनी बुग्यालला पोचलो. बुग्याल म्हणजे उंचावरचं गवताळ कुरण. तिथल्या बेदिनी कुंडात पाऊस यायचा असल्यानं पाणी जेमतेम होतं, तरी त्रिशूळ शिखर त्यात दिसलं. पुढे भगवाबासाहून अंधारातच निघावं लागतं, कारण ऊन चढलं की बर्फ मऊ पडतो आणि पाय मांडीपर्यंत आत जातो.

रूपकुंड पाच हजार मीटरच्या जरा वर आहे. तिथे दर श्वासाला समुद्रकाठच्या मानानं निम्माच प्राणवायू मिळतो. आणि तळं? जूनच्या सुरुवातीला तळं दिसतच नाही! कड्यांनी घेरलेली एक पांढरी वाटी, बस्स. तिच्याखाली शेकडो माणसांचे सांगाडे आहेत. वनखात्याच्या अधिकाऱ्याला ते 1942 साली दिसले.

तिथे उभं राहून मी व्याख्यान ठोकलं (सवय, दुसरं काय). 2004च्या मोहिमेत आपल्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे शास्त्रज्ञ होते. काही कवट्यांवर वरून बसलेल्या गोल घावांच्या खुणा सापडल्या, कार्बन कालमापनानं नववं शतक आलं. म्हणजे यात्रेकरूंवर मोठाल्या गारा पडल्या आणि सगळे एकदम गेले. लोककथेतही देवीच्या कोपानं गाराच पडतात. माझी एक विद्यार्थिनी म्हणाली, ‘‘सर, सगळे एकदमच गेले कशावरून?’’ मी म्हटलं, ‘‘अगं, एकत्र सापडलेत ना!’’ आणि विषय संपवला.

आता बघा. नैयायिक म्हणतात, धुरावरून अग्नी ओळखता येतो, पण अग्नीवरून धूर नाही. त्यासाठी लाकूड ओलं असावं लागतं. या लपलेल्या अटीला ते उपाधी म्हणतात. एकत्र मेलेले एकत्र सापडतील, हे समजू शकतं. उलट बाजूनं मात्र अट लागते, की जो जिथे पडला तो तिथेच राहिला. रूपकुंडात ही अट पुरी होत नाही. उतारावरचं सगळं वाटीत घसरत येतं, आणि थंडीत हाडं टिकतात. त्याच सकाळी माझ्या हातून पाण्याची बाटली सुटली, ती सरळ तळ्यापर्यंत गेली. सगळे हसले, मीसुद्धा. पुरावा डोळ्यांसमोरून घसरत गेला हो!

2019 साली अडतीस जणांच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातही डेक्कन कॉलेज होतं. तेवीस जण भारतीय उपखंडातल्या वंशांचे, साधारण सातव्या ते दहाव्या शतकांतले, आणि तेही एकाच वेळचे नाहीत. चौदा जण पूर्व भूमध्य समुद्राकडच्या वंशाचे आणि एक आग्नेय आशियाई. हे पंधरा वारले सुमारे 1800च्या आसपास! मधे जवळजवळ हजार वर्षं. गारांनी काही जण गेले असतीलही, पण सगळे एकदम नक्कीच नाहीत.

मी त्या विद्यार्थिनीला फोन करून चूक कबूल केली. तिनं लगेच पुढचं विचारलं, ‘‘सर, ते चौदा जण एवढ्या लांबून तिथे कशाला आले होते?’’ ते अजून कुणालाच सांगता आलेलं नाही. या वेळी मी तेवढंच सांगितलं.