तळणीचं तेल, ट्रॅक्टर आणि आपले कान

आम्ही ठाण्याच्या वागळे इस्टेटमधून बोलतोय. आमच्या बचत गटातल्या बायका इथल्या कारखान्यांच्या कॅन्टीनसाठी वडे-फरसाण तळतात. काळं पडलेलं तेल आम्ही पुन्हा वापरत नाही, बायोडिझेलसाठी गोळा करणाऱ्यांना देतो. परवा मुरबाडकडच्या एका ताईंनी विचारलं, "हे डिझेल घातलं की ट्रॅक्टरचा आवाज कमी होतो म्हणे, खरंय का?"

खरंय, पण थोडंच.

गॅसचं बटण फिरवलं आणि लायटर उशिरा पेटला, तर साठलेला गॅस भपकन पेटतो. ट्रॅक्टरच्या इंजिनातही तसंच होतं. फवारलेलं डिझेल पेटायला क्षणभर वेळ लागतो, तेवढ्यात साठतं आणि एकदम भडकतं. तीच ती टकटक. बायोडिझेल बहुधा लवकर पेट घेतं, म्हणून साठा कमी आणि टकटक मऊ.

पण सायलेन्सर, पंखा, गिअर, सैल पत्रे यांचा आवाज तेलाने कमी होत नाही. म्हणून शंभरात वीस भाग बायोडिझेल घातलं, तरी एकूण फरक फार तर एखाद-दोन डेसिबलचा, कानाला जेमतेम कळणारा. केबिन नसलेल्या ट्रॅक्टरवर आवाज ९० डेसिबलच्या आसपास जातो. ८५ च्या वर रोज आठ तास राहिलं, तर कानाच्या आतल्या नाजूक पेशी मरतात. त्या पुन्हा येत नाहीत.

ओळखायचं कसं? हातभर अंतरावरच्या बाईशी ओरडून बोलावं लागलं, किंवा घरी आल्यावर कानात शीळ वाजली, तर आवाज जास्त आहे. फुटका सायलेन्सर बदला, सैल नट आवळा, कानात इअरप्लग घाला, ट्रॅक्टरवर पाळीपाळीने बसा. मळणी यंत्राजवळ लेकरांना नेऊ नका.

आणि एक गोष्ट लक्षात ठेवा. तळणीचं तेल गाळून थेट टाकीत ओतू नका. ते दाट असतं, नोझल तुंबतात. कारखान्यात अल्कोहोलबरोबर प्रक्रिया झाल्यावरच त्याचं बायोडिझेल होतं. तेही किती मिसळायचं, ते ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत बघून किंवा कंपनीच्या मेकॅनिकला विचारूनच ठरवा.

तेल बदलून इंजिनाची टकटक थोडी मऊ होईल. कान मात्र आपले आपणच जपायचे. भेटू पुढच्या वेळी!