हायवेला थंड, सिग्नलला गरम! एसी लावला की गाडी का तापते?

मे महिन्यात आम्ही चौघे गाडी घेऊन हैदराबादला गेलो होतो. एनएफडीबी, म्हणजे राष्ट्रीय मत्स्यविकास मंडळाचं मुख्य ऑफिस तिथंच आहे. माशाच्या आकाराची ती इमारत पुष्कळांनी फोटोत बघितली असेल. पुणे, सोलापूर, जहीराबाद, अख्ख्या हायवेला एसी फुल आणि गाडी एकदम ठीक. मेहदीपट्टणमच्या ट्राफिकमध्ये अडकलो आणि काटा चढायला लागला. एसी बंद केला की काटा खाली, लावला की परत वर. बाहेर पारा ४० च्या पुढे.

एक म्हणाला गॅस जास्त झालाय, दुसरा म्हणाला इंजिन खोलावं लागणार. निघालं भलतंच!

आपल्या बोटीचं इंजिन समुद्राच्या पाण्यावर थंड होतं. बोट उभी असली तरी पंप पाणी खेचतो. गाडीचा रेडिएटर मात्र वाऱ्यावर थंड होतो. धावताना वारा फुकट मिळतो, उभं राहिल्यावर पंखाच तो ओढतो. त्यात एसीचं कंडेन्सर रेडिएटरच्या पुढ्यात असतं. आतली गरमी ते बाहेर टाकतं, तीच गरम हवा रेडिएटरवर येते. वर कॉम्प्रेसरचा लोड इंजिनावर.

म्हणून आधी एकच विचारायचं: कधी तापते?

फक्त उभी असताना तापते: पंखा बघा. गाडी चालू ठेवून एसी फुल करा, बॉनेट उघडा, हात लांब ठेवा. मिनिटा-दोन मिनिटांत पंखा फिरायला हवा. नाही फिरला तर फ्यूज, रिले, वायरिंग, मग मोटर, या क्रमानं तपासून घ्या.

पंखा फिरतो तरी तापते: कंडेन्सर आणि रेडिएटरच्या जाळीत धूळ, किडे बसलेत का बघा. बोटीचा स्ट्रेनर प्लास्टिकनं चोंदतो, तसंच हे. हलक्या पाण्यानं धुवा, जोराच्या प्रेशरनं जाळीची पाती वाकतात.

हायवेलाही तापते: कूलंट कमी, थर्मोस्टॅट, वॉटर पंप किंवा आतून चोंदलेला रेडिएटर. मेकॅनिककडेच जा. टाकीत सारखे बुडबुडे येत असतील तर हेड गॅस्केटचा संशय घ्या.

आमच्या गाडीत काय निघालं? पंख्याच्या वायरचा कनेक्टर खाऱ्या हवेनं हिरवा पडला होता. गाडी रोज जेटीवर उभी, दुसरं काय होणार! कनेक्टर बदलला, काम झालं.

काटा चढला तर एसी बंद, हीटर फुल गरम करा. घाम येईल, पण इंजिनाची थोडी गरमी आत ओढली जाते. तरी चढतोय किंवा लाल दिवा लागला तर बाजूला घेऊन इंजिन बंद. ‘पाच किलोमीटरच राहिलंय’ म्हणून दामटलीत तर हेड वाकतं, मग खर्च हजारांत. आणि गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली १०० डिग्रीच्या वर असतं, उसळून तोंड भाजतं. पूर्ण थंड होऊ द्या.

लांब निघायच्या आदल्या दिवशी बोटीसारखीच गाडीही बघून घ्या. आपल्या बंदरावरच्या गाडीवाल्यांना हे नक्की पाठवा.