हायब्रिड मोटारीचे उतारवय कोणाच्या हिशेबात?

हायब्रिड मोटारीवर कर किती असावा, हा वाद आपल्याकडे आठ-नऊ वर्षे चालला आहे. २०१७ साली वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा तिच्यावर उपकरासह ४३ टक्के भार पडला. विजेच्या मोटारीवरील कर मात्र २०१९ मध्ये ५ टक्क्यांवर आला. जुलै २०२४ मध्ये उत्तर प्रदेशाने हायब्रिडचा नोंदणीकर माफ केला. सप्टेंबर २०२५ च्या फेररचनेत लहान हायब्रिड १८ टक्क्यांच्या, तर मोठ्या ४० टक्क्यांच्या टप्प्यात आल्या. ही सारी चर्चा मोटार शोरूमबाहेर पडते तिथे संपते. बाराव्या वर्षी तिचे काय होते, याचा विचार धोरणात जवळजवळ नाही.

दिल्लीत माझ्याकडे २०१४ साली नोंदलेली, सव्वादोन लाख किलोमीटर धावलेली अशी एक मोटार आहे. तिचे वार्धक्य साध्या पेट्रोल मोटारीपेक्षा निराळे असते. वेग कमी करण्याचे बरेचसे काम विजेची मोटरच करत असल्याने ब्रेक कमी झिजतात. सिग्नलवर इंजिन विसावते. दुखणे दडलेले असते ते मोठ्या बॅटरीत. कर्नाटकातील बिडदी येथे २०१३ पासून जुळणी झालेल्या कॅमरी हायब्रिडचे उदाहरण घेऊ. तिच्या बॅटरीत निकेल-मेटल हायड्राइडची ३४ मोड्यूल एका साखळीत जोडलेली असतात आणि त्यांचा एकत्रित दाब २४४.८ व्होल्ट भरतो. त्यातले एक जरी खचले तरी साऱ्या साखळीचे बळ घटते. तेवढे एकच बदलावे, तर नव्या-जुन्यांचा मेळ बसत नाही आणि काही महिन्यांत दुसरे मान टाकते.

देखभाल तशी अवघड नाही. बॅटरीला हवा पुरवणाऱ्या पंख्याची जाळी उत्तर भारतातल्या धुळीने तुंबते. ती साफ ठेवावी लागते. इन्व्हर्टरचे शीतक द्रव्य वेळेवर बदलावे, मोटार महिनोन्महिने उभी ठेवू नये. तरीही एक दिवस बॅटरी थकते. संपूर्ण बॅटरी बदलण्याचा जो अंदाज माझ्यापुढे ठेवला गेला, तो मोटारीच्या बाजारभावाशी स्पर्धा करणारा होता. गल्लीतला कुशल मेकॅनिक या कामाला हात लावत नाही. इतक्या व्होल्टशी खेळण्याचे प्रशिक्षण त्याला नाही आणि दोषनिदानाचे सॉफ्टवेअरही त्याच्या हाती नाही.

राज्यसंस्था या मोटारीकडे पाहते ती केवळ जन्मतारखेच्या चष्म्यातून. सर्वोच्च न्यायालयाच्या २९ ऑक्टोबर २०१८ च्या आदेशाने राजधानी क्षेत्रात १० वर्षांवरील डिझेल व १५ वर्षांवरील पेट्रोल वाहनांना बंदी झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने अशा वाहनमालकांवरील सक्तीच्या कारवाईला स्थगिती दिली आणि डिसेंबरमध्ये ते संरक्षण भारत स्टेज-४ व त्यापुढील वाहनांपुरते ठेवले. वयाऐवजी उत्सर्जनाचा निकष पुढे आला, हे पाऊल स्वागतार्ह आहे. पण निकष बदलला तरी मोजमापाचे साधन जुनेच आहे. धूरतपासणीत उभ्या गाडीचे चालू इंजिन मोजले जाते. हायब्रिडचे इंजिन उभ्या अवस्थेत स्वतःहून बंद पडते; ते विशेष पद्धतीने चालू ठेवावे लागते. शिवाय बॅटरी खचली की इंजिनावरचा भार आणि इंधनाचा खप वाढतो, ही गोष्ट त्या चाचणीत उमटतच नाही.

दुरुस्तीचा प्रश्नही नवा नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना दंड ठोठावून सुटे भाग व निदानसाधने स्वतंत्र दुरुस्तीकारांना खुली करण्यास सांगितले होते. त्यावर अपिले झाली. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ‘दुरुस्तीच्या हक्का’चे संकेतस्थळ सुरू केले, त्यात वाहनक्षेत्रही आहे. मात्र संकेतस्थळावर माहिती असणे वेगळे आणि मोहल्ल्यातील गॅरेजात उपकरण असणे वेगळे.

माझ्या मते तीन गोष्टी व्हायला हव्यात. वार्षिक तपासणीत बॅटरीची उरलेली क्षमता नोंदवावी. म्हणजे जुनी गाडी घेणाऱ्यालाही ती कळेल. उच्च दाबाच्या बॅटरीचे काम औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत शिकवून त्याचे प्रमाणपत्र द्यावे. आणि २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी उत्पादकांवर टाकलेल्या जबाबदारीत विल्हेवाटीइतकेच दुरुस्तीलाही स्थान मिळावे.

याची निकड उघड आहे. २०२२ पासून देशात हायब्रिड मोटारींची नवी पिढी रस्त्यावर आली. तिच्या बॅटरीची हमी सर्वसाधारणपणे ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची आहे. म्हणजे २०३० पासून या गाड्या हमीबाहेर पडू लागतील. एका थकलेल्या भागापायी उरलेली धडधाकट मोटार भंगारात गेली, तर तिच्या निर्मितीत खर्ची पडलेले पोलाद आणि ऊर्जा वाया जाईल. आणि पर्यावरणाच्या नावाने दिलेल्या करसवलतीचा हेतूही तिच्याबरोबरच मोडीत निघेल.